दुसऱ्या कडव्यातला हुंदका

गोठवलेल्या भेंडीच्या पिशवीला हात घातला आणि वर छतातल्या भोंग्यातून मी रडले. भोंग्यातली मी विशीतली, खालची मी दोन्ही गुडघे बदललेली. पण हुंदका तोच, दुसऱ्या कडव्याच्या पहिल्या ओळीत, ‘तुझा’ आणि ‘शर्ट’ यांच्या मधोमध. ‘तुझा... शर्ट अजून दोरीवर आहे.’ तोंडाला एकदम पाणी सुटलं, भुकेनं सुटतं ते नव्हे, त्याच्या उलट दिशेनं येतं ते. जिभेच्या मुळाशी गोडूस, कडवट, कोमट असं काहीतरी चिकटलं. मी भेंडी परत ठेवली आणि फ्रीजच्या काचेला कपाळ टेकवून उभी राहिले. शेजारी ढकलगाडीत बाळ बसवलेली एक बाई होती. तिनं डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि बाळाला म्हणाली, “ऐकलंस का रे सोन्या? याला म्हणतात काळीज फाटणं.” बाळानं ढेकर दिली. अख्ख्या दुकानात गाण्यातलं कळणारा तेवढा एकच जीव होता. दुकानातला पोरगा धावत आला. “मॅम, बरं वाटत नाहीये का?” मी म्हटलं, “तसं काही नाही रे. माझं गाणं लागलंय.” त्यानं माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि फार आदबीनं विचारलं, “बंद करायला सांगू का?”

मी नेल्डा ट्रिबल. नाव सांगितलं की कुणाला काही आठवत नाही, हुंदका काढून दाखवला की आठवतं. ‘अगंबाई, त्या हुंदक्यावाल्या!’ असं म्हणून लोक मिठी मारतात, आणि मग मिठीतूनच हळूच सांगतात की आमच्या ह्यांनी घर सोडलं तेव्हा मी तुमचंच गाणं लावून बसले होते हो. नॅशव्हिलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या या गाणाऱ्यांच्या गावात, माझ्या नावाच्या खंडीभर तबकड्या निघाल्या आणि त्यातली एकही माझी नाही. टेपा कंपनीच्या. त्या कंपनीला दुसरीनं गिळलं, दुसरीला तिसरीनं. सध्या मी नक्की कुणाच्या पोटात आहे हे मला ठाऊक नाही. टेपेवरचा आवाज तरी माझा ना, असं एकदा वकिलाला विचारलं होतं. तो म्हणाला, “आवाज तुमचाच, मिस नेल्डा. पण तो टेपेवर आहे.” जणू आवाज म्हणजे माझी कोंबडी, आणि ती त्यांच्या परसात जाऊन अंडं घालून बसली आहे. यावर तोड एकच. तेच गाणं पुन्हा गायचं, पुन्हा मुद्रित करायचं. ती नवी तबकडी गाणाऱ्याची. गावातली निम्मी म्हातारी मंडळी सध्या हेच करतात. सकाळी रक्तदाबाची गोळी घेतात आणि दुपारभर तरुणपणीच्या स्वतःची नक्कल करतात. मरायच्या आधी एक तरी तबकडी अशी असावी की तिच्यावर माझा आवाज आहे आणि तो माझ्या परसात आहे. माझं मागणं तेवढंच होतं. कुणा सिनेमावाल्यांना ते गाणं हवंही होतं. अट एकच, हुंदका हुबेहूब जुना हवा.

आणि हुंदका येईना. कालचा अख्खा दिवस टकरच्या स्टुडिओत मी नुसता हुंदका देत होते. टकर म्हणजे मुद्रण करणारा पोरगा, दाढी नातवंडं असल्यासारखी आणि वय नातवंडाचं. तो तंबाखू खात नाही, सिगारेट ओढत नाही. एका चपट्या नळीतून कलिंगडाच्या वासाची वाफ ओढतो आणि बोलताना ती सोडतो, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य गोड येतं. “एक नंबर, मॅम,” तो काचेपलीकडून म्हणत होता. “एकच बारीकशी गोष्ट. हुंदका जरा स्वच्छ येतोय.” “स्वच्छ?” “म्हणजे धुतल्यासारखा. जुन्यामध्ये एक ओल आहे. खालून कुठून तरी वर येते. अंगावर काटा येतो, मॅम, देवाशप्पथ.” मी ओल आणायचा प्रयत्न केला. खाली वाकून केला, बसून केला, घोटभर ताक पिऊन केला. शेवटी तो म्हणाला, “उद्या दुपारी एकदा बघू. नाहीच जमलं तर काळजी करू नका. कॉम्प्युटरला तुमच्या जुन्या टेपा खायला घालतो, तो काढून देईल हुंदका.” “तो काय खाऊन काढणार?” “तुम्हालाच, मॅम,” टकर प्रेमानं म्हणाला. म्हणजे तबकडी माझी आणि हुंदका पुन्हा कंपनीच्या टेपेचा. घर माझं आणि मोरी त्यांची.

खरी गोष्ट अशी की तो हुंदका नव्हताच. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि सांगून उपयोगही नाही, कारण ती गोष्ट लोकांनी माझ्याकडून कधीच काढून घेतली आहे. त्या काळी गाणं एका खोलीत व्हायचं. सगळे वादक एकदम वाजवायचे, गाणारी कोपऱ्यात एका पडद्याआड, आणि सगळ्यांचा आवाज सगळ्यांच्या माईकमध्ये सांडायचा. एकाची चूक पुसायची तर बाकी सगळ्यांचं बरोबरही पुसावं लागे. म्हणून चूक करायची नाही, आणि झालीच तर ती मुद्दाम केली असं तोंड करायचं. कॅल्हूनसाहेबांनी, म्हणजे त्या वेळी मुद्रण करवून घेणाऱ्यांनी, नुकताच स्टुडिओत मोतिया रंगाचा गालिचा घातला होता. वादकांपैकी निम्म्यांच्या गालफडात तंबाखूचा बार. साहेबांनी हुकूम काढला, पिंक टाकायची तर पेल्यात टाका, गालिच्यावर थेंब दिसला तर हात तोडीन. पेले सगळे एकसारखे, भिंतीजवळच्या यंत्रातून येणारे पुठ्ठ्याचे. त्यातच कोला, त्यातच पिंक. माझ्या शेजारी स्टील गिटारवर डॉयल पेंडरग्रास बसला होता, आणि आम्हा दोघांच्या मध्ये एक स्टूल, त्यावर दोन पेले. दोन्हींत तपकिरी पाणी, दोन्हींवर फेस. पहिलं कडवं संपलं, डॉयलचा तुकडा सुरू झाला, माझा घसा भीतीनं कोरडा पडला होता. मी हात लांब केला आणि मोठा घोट घेतला.

तो कोमट होता. आधी कोमटपणा कळला, मग दाटपणा, मग त्यातला एक तंतू जिभेवरून मागे सरकला. थुंकायचं कुठे? समोर काच, काचेमागे साहेब, खाली मोतिया गालिचा. आमच्या डोंगरात आई सांगायची, बाईमाणसानं चारचौघांत तोंडातलं बाहेर काढू नये. मी गिळलं. डॉयलचा तुकडा संपला, मी तोंड उघडलं, ‘तुझा’ म्हटलं, आणि पोट उलटं होऊन गळ्यापर्यंत आलं. तो उमासा होता. स्वच्छ, प्रामाणिक उमासा. मी तो दाताखाली दाबला आणि ‘शर्ट’ म्हटलं. त्याच क्षणी डॉयलनं तारेवरून एक लांब ओला सूर ओढला, विहिरीत बादली सोडावी तसा, आणि उमासा त्या सुराला कायमचा चिकटून बसला. गाणं संपल्यावर काचेमागे कॅल्हूनसाहेब चष्मा पुसत होते. बाहेर आले, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, “पोरी, हे कुठून आणलंस?” मी म्हटलं, “पोटातून, साहेब.” ते वादकांकडे वळून म्हणाले, “ऐका रे ऐका. हिला म्हणतात गायिका.” मी विचारलं, आणखी एकदा घेऊ या का. ते म्हणाले, “देवाच्या कामात मी ढवळाढवळ करत नाही.” मग मी मागच्या दारानं जाऊन ओकले. त्याचं मुद्रण झालं नाही.

आठ दिवसांत ते रेडिओवर आलं. घरी ओसरीवर आईनं ऐकलं. आई ओठात तपकिरीची चिमूट धरून बसायची. आमच्याकडे सगळंच तंबाखूचं होतं, रान तंबाखूचं, कोठारात वाशांना उलटी टांगलेली पानं तंबाखूची, बापाच्या खुर्चीखाली कॉफीचा रिकामा डबा, तोही तंबाखूचा. पान खुडून खुडून माझे हात काळे चिकट व्हायचे आणि रात्री उशीला वास यायचा. सगळा देश म्हणत होता, हिचं काळीज फाटलंय. आईनं फोन केला आणि म्हणाली, “काय गं, तुला काही बाधलं होतं का?” मी म्हटलं, “नाही गं आई, तो हुंदका आहे.” “बरं,” आई म्हणाली. “थोडं आलं चावत जा.”

नंतरची माझी सगळी कारकीर्द म्हणजे त्या एका घोटाची ढेकर. प्रत्येक तबकडीत हुंदका पाहिजे असा कंपनीचा करार. लग्नाच्या गाण्यात हुंदका, ट्रकवाल्याच्या गाण्यात हुंदका. नाताळची तबकडी काढली, तिच्यात येशू जन्मतो त्या ओळीवर हुंदका. एका नामांकित गड्याबरोबर जोडगाणी केली, तर त्यानं आधीच सांगून ठेवलं की अर्धे हुंदके मला हवेत. गावोगावच्या जत्रांत, डुकरांच्या गोठ्याशेजारी, माशांच्या कढईच्या धुरात मी उभी राहायचे आणि दुसरं कडवं जवळ आलं की पुढच्या रांगा श्वास धरायच्या. बायकांनी एक प्रथाच पाडली. हुंदका आला की पळून गेलेल्या नवऱ्याचा शर्ट मंचावर फेकायचा. धुतलेला एकही नसे. वास जाऊ नये म्हणून जपलेले. कॉलरला मळाचा पट्टा, बगलेत पिवळे नकाशे. ते शर्ट फेकून देणं बरं दिसलं नसतं, म्हणून ते माझ्याच बसमध्ये पोत्यांत भरून ठेवत, आणि मी त्या पोत्यांशेजारी झोपायचे. सगळ्या राज्यांतले सोडून गेलेले नवरे अंधारात माझ्याभोवती घामट वास सोडत पडलेले असत. इतक्या पुरुषांबरोबर झोपलेली आणि इतकी सोवळी बाई दुसरी झाली नसेल.

उमासा दर वेळी आणायचा कसा, हा प्रश्न कधी पडलाच नाही. पेला आठवायचा. कोमटपणा, दाटपणा, तो तंतू. पोट इमानदार प्राणी आहे, हाक मारली की येतं. पण पाळलेल्या प्राण्याचं होतं तेच झालं, ते हाक न मारताही यायला लागलं. माझा नवरा वेंडल बॅग घेऊन दारात उभा राहिला तेव्हा मला आतून काहीतरी फुटतंय असं वाटलं, मी तोंड उघडलं, आणि उमासा आला. तो म्हणाला, “नेल्डा, निदान माझ्यासमोर ते गाण्यातलं नको.” आणि गेला. मी त्याचा शर्ट कुणावर फेकणार? आई गेली तेव्हा डोंगरातल्या त्या छोट्या देवळात सगळं गाव गोळा झालं होतं. मी शवपेटीजवळ गेले. आईच्या ओठाशी तपकिरीचा पुसट डाग अजून होता, पुसणाऱ्यांनी पुसूनही राहिलेला. मागे सगळे श्वास धरून उभे. जत्रेतल्यासारखी ती शांतता मला पाठीवर कळली. आणि पोटानं इमानदारीनं आपलं काम केलं. मागून कुणीतरी ‘आमेन’ म्हणालं, माझी मावसबहीण दुसरीला कुजबुजली, “रेकॉर्डपेक्षा इथं जास्त चांगलं झालं.” मी देवळामागच्या झुडपात जाऊन वाकले. ज्या वेळी लोकांच्या डोळ्यांना पाणी येतं त्या वेळी मला घाण येते. मी आयुष्यात एकदा तरी रडले आहे का, याचं उत्तर मला शपथेवर देता येणार नाही. आणि आता तर किळसही झिजली. वापरून वापरून पेला पुसट झाला. मी तो आठवते आणि तो नुसता पेला दिसतो, नातीगोती तुटल्यासारखा. भेंडीच्या फ्रीजपाशी आज सकाळी जे आलं ते कित्येक महिन्यांनी आलं होतं, तेही जुन्या टेपेच्या जोरावर. स्टुडिओत भेंडी नेता आली असती, पण टेप कंपनीची.

दुकानातून मी तडक डॉयलकडे गेले. तो गावाबाहेर लेकीच्या घरी राहतो, दिवसभर गॅरेजमध्ये बसलेला असतो. मला बघून त्यानं गाल एकदम आत ओढला.

“डॉयल, मला तुझी पिंक पाहिजे.”

“या वयात बायका माझ्याकडे काही मागतात हेच अप्रूप,” तो म्हणाला. “पण हे कुणी मागितलं नव्हतं बुवा.”

“थट्टा नको. तोंडात आहे ना?”

“हळू बोल गं. लेक आत आहे. डॉक्टरनं बंद केलंय म्हणून ती वास घेत फिरते. तिला वाटतं मी इथं पाखरांसाठी घरटी बनवतो.”

“किती बनवलीस?”

“एक. इतकी वर्षं तेच दाखवतोय.”

“माल तोच आहे ना? तेव्हाचाच?”

“पोरी, माणूस बायको बदलतो, देऊळ बदलतो. तंबाखू बदलतो का?” त्यानं रंगाच्या डब्यामागून एक पेला काढला. पुठ्ठ्याचा. मग तो पेल्यात बघत, माझ्याकडे न बघता म्हणाला, “म्हणजे हुंदका येत नाहीये तर.”

मी ते एकुलतं एक घरटं उचलून उलटंपालटं करून बघितलं.

“माझा पेला अर्धा झालेला दिसला होता मला त्या दिवशी,” डॉयल म्हणाला. “कोला भरलेला तसाच, आणि माझा अर्धा. आंधळा होतो का मी?”

“आणि तू एका शब्दानं बोलला नाहीस?”

“काय बोलणार? सबंध देश रडत होता. मी मध्येच उभा राहून सांगू, थांबा मंडळी, ती माझी थुंकी आहे?”

“मग तो सूर का ओढलास?”

“तुझं तोंड बघितलं. म्हटलं आता ही गालिच्यावर ओकते आणि साहेब माझे हात तोडतो. म्हणून मधली जागा भरली.” त्यानं पेल्यात एक लांब, सावकाश पिंक सोडली, कारागिरासारखी. “आता पोरं इंटरनेटवर तो सूर शिकवतात. दुःख मनगटात कसं आणायचं म्हणून.”

तो गाडीत माझ्या शेजारी बसला, गुडघ्यांत पेला धरून. वाटेत दोनदा त्यात भर घातली. आमची इतक्या वर्षांची ओळख, आणि मला एकदम कळलं की जगात माझ्या पोटातलं ठाऊक असलेली दोनच माणसं होती, एक आई, एक हा. आणि दोघांनीही मला आल्याखेरीज काही सुचवलं नाही.

टकरनं डॉयलला बघितलं आणि त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन डोक्याला लावायचाच काय तो बाकी राहिला. “सर! तो सूर! सर, मी तो सूर ऐकून या धंद्यात आलो.” डॉयल म्हणाला, “मग चूक माझीच.” “आणि पेल्यात काय आहे, सर?” “कोला,” डॉयल म्हणाला, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला. वादक कुणी नव्हतेच. ते सगळे कधीच वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या दिवशी वाजवून मोकळे झाले होते आणि आता कॉम्प्युटरमध्ये एकमेकांना न भेटता नांदत होते. मी कानांवर हेडफोनचे ते दोन वाडगे चढवले. स्टुलावर पेला. पहिलं कडवं झालं. जुना तुकडा सुरू झाला, कुणा पोरानं शिकून वाजवलेला डॉयल. मी पेला उचलला. काचेमागे टकर अंगठा दाखवत होता. मी मोठा घोट घेतला, तेव्हासारखाच.

कोमट. दाट. तो तंतूही आला, जुन्या ओळखीच्यासारखा, वाट न चुकता. मी पोटाची वाट बघितली. पोट आलं नाही. त्याऐवजी कोठार आलं, वाशांना उलटी टांगलेली पानं, फटींतून येणारं तिरपं ऊन आणि त्यात तरंगणारी धूळ, आणि खाली मी, चिकट काळ्या हातांची, आणि वर शिडीवर बाप, एक पान माझ्या डोक्यावर मुद्दाम पाडून हसणारा. त्याच्या खुर्चीखालचा डबा, तो उचलून बाहेर ओतायचं काम माझं, आणि ओतताना मी श्वास धरायचे आणि मग नाइलाजानं सोडायचे आणि तो वास म्हणजे घर. आईची ती ओठाखालची चिमूट, तिनं माझा मुका घेतला की गालावर राहणारा तपकिरी ओलसर ठसा, जो मी शाळेच्या वाटेवर बाहीनं पुसायचे, रोज पुसायचे, आणि शवपेटीत तिच्या ओठाशी पुसणाऱ्यांकडून राहिलेला तो डाग. मी ‘तुझा’ म्हटलं. आणि छातीत काहीतरी सुटलं, जे पोटातलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, आवाज फाटला, ‘शर्ट’ हा शब्द अर्धा माझ्यात राहिला आणि अर्धा बाहेर पडला. मी रडत होते. मला कुणी सांगायला नको होतं. पहिल्यांदाच होत असूनही ओळख पटली. मी रडत रडत गाणं शेवटापर्यंत नेलं. डॉयलनं टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

टकर दार उघडून आत आला. कलिंगडाचा ढग आधी आला, मागून तो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मिस नेल्डा. खूप सुंदर, मॅम. खरंच. फक्त,” त्यानं वाफ सोडली, “कसं सांगू. राग मानू नका हं. जरा नाटकी वाटलं.”

“नाटकी,” मी म्हटलं.

“म्हणजे रडल्यासारखं केल्यासारखं. ओढूनताणून. जुन्यात कसं, त्या पोरीला खरंच काहीतरी झालंय. तिच्या आतलं बाहेर येतंय आणि तिला ते थांबवता येत नाहीये. खोटं करताच येत नाही असं काही. तिला आठवा, मॅम. तिला तेव्हा काय झालं होतं, तेवढंच आठवा.” आणि त्यानं माझा खांदा दाबला. त्याचे डोळे भरून आले होते, त्या पोरीसाठी.

त्याच्या दाढीत एक ओटचा कण अडकला होता. कलिंगडाचा वास माझ्या ओल्या नाकातून आत गेला आणि आतल्या कोठारावर पसरला, वाशांवर, पानांवर, आईच्या गालावर. मला ते सगळे आठवले, काचेमागे चष्मा पुसणारे, शर्ट फेकणाऱ्या, ‘आमेन’ म्हणणारे, ‘इथं जास्त चांगलं झालं’ म्हणणारी, छातीवर हात ठेवून बाळाला काळीज दाखवणारी. आणि त्यांच्या टाळ्यांसाठी जत्रेजत्रेत तोंड उघडून उभी असलेली मी. “फक्त ती एक ओळ घेऊ,” टकर म्हणाला, काचेमागे गेला, आणि त्यानं बोट वर केलं. मी ‘तुझा’ म्हटलं. आणि ते आलं. पेल्याशिवाय, आठवणीशिवाय, पार तळापासून, ओलं, दाट, सगळं घेऊन वर आलं, आणि मी ते दाताखाली दाबून ‘शर्ट’ म्हटलं.

काचेमागे टकर उभा राहिला. त्यानं डोक्याला हात लावले. “हेच! मॅम! हेच! हेच ते!” त्यानं ते पुन्हा लावलं, जुनं आणि नवं शेजारी शेजारी. कोणतं कोणतं ते मलाही कळेना. टकर डोळे पुसत होता. “अंगावर बघा काटा. खरं ते खरंच असतं, मॅम.”

डॉयल आपल्या बुटांकडे बघत होता.

“आधीचं कुठे आहे?” मी विचारलं.

“आधीचं?”

“त्यात मी रडले ते.”

“ते होय,” टकर म्हणाला. “ते पुसलं, मॅम. उगाच जागा अडवतं.” एका बोटानं पुसलं होतं त्यानं, बाकी कुणाचंही काही न पुसता. त्यानं कागद पुढे केला आणि मी सही केली. अशी ती तबकडी माझी झाली. तिच्यावर माझा आवाज आहे आणि तो माझ्या परसात आहे. सिनेमावाले खूश आहेत. आता ती दुकानातही लागेल, भेंडीच्या फ्रीजवर.

बाहेर उन्हात गाडीपाशी आल्यावर डॉयलनं माझ्या हाताकडे बघितलं. मी पेला बरोबर आणला होता. तळाशी बोटभर उरलं होतं.

“दे इकडे, फेकतो,” डॉयल म्हणाला.

“राहू दे,” मी म्हटलं.

मी पेला दोन सीटांच्या मधल्या खाचेत नीट बसवला, रेडिओ बंद केला आणि गाडी काढली. मागचे लोक भोंगे वाजवत होते, एकानं काच खाली करून ‘म्हातारे, झोपलीस का’ असंही विचारलं. वळणावर मी गाडी अगदी हळू घेत होते. सांडलं असतं.